वीस गुंठे व्हॅन

माझं लग्न ठरलं. मुलगी फलटणची, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. सुपारी फुटली, पेढे वाटून झाले, आणि ज्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं अशा अकरा माणसांनी मला टॉवेल-टोपी दिली.

वरचा परिच्छेद आपण वाचलेला नाही. मीही तो लिहिलेला नाही. तो तसाच ठेवला तर पुढे मी जे सोसलं त्याची कुणाला किंमत राहणार नाही. तेव्हा असं धरून चालू, की अजून तो पहिला रविवार आहे, मी फलटणमध्ये एका सोफ्याच्या अगदी टोकाला बसलो आहे, हातात पोह्यांची बशी आहे आणि माझं काहीही ठरलेलं नाही.

मी साईराज. वय एकतीस. आष्ट्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक. गावात मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही हे सांगायचं मी चार वर्षांपूर्वी सोडलं. माझं खरं काम म्हणजे मुलांनी लंबक हरवू नये याकडे बघणं आणि ज्यांनी उत्तरापुढे एकक लिहिलेलं नाही त्यांच्या वहीत लाल पेनाने गोल काढणं. नुसता आकडा म्हणजे काहीच नाही, हे मी दरवर्षी दोनशे मुलांना सांगतो. हे वाक्य मी पुढे विसरणार आहे. तुम्ही विसरू नका.

तर समोर मुलीचे वडील. सुभेदार धैर्यशील भोईटे, निवृत्त. सत्तावीस वर्षं लष्कराच्या गाड्या चालवल्या आणि मोजल्या. माणूस म्हणजे उभी काठी. त्यांनी पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही, माझ्या आईने तोंडपाठ करून आणलेली नातलगांची नावंही ऐकून घेतली नाहीत. त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली.

"गाडी कोणती?"

"मोटरसायकल आहे."

"ॲव्हरेज?"

"पन्नास... असेल."

"असेल म्हणजे?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "असेल हा आकडा नाही. माणसाला स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज ठाऊक नाही म्हणजे त्याला घर कसं ठाऊक असणार?"

 तेवढ्यात आतल्या दारातून संयोगिता पाणी घेऊन आली. माझ्याकडे बघून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आमच्या मिक्सरचंही बाबांनी लिहून ठेवलंय. एका युनिटला किती चटणी." आणि ती निघून गेली. हसली की नाही, मला कळलं नाही. पण मी एकतीस वर्षांत सव्वीस ठिकाणी पोहे खाल्ले होते, आणि उठून जाऊ नये असं वाटलेलं हे पहिलंच घर. म्हणून मी जे केलं ते केलं.

"माझा मावसभाऊ ऋषिराज अमेरिकेत असतो," मी म्हणालो. "तिकडे आता युरोपातल्या डिझेल व्हॅन आल्यात. मोठ्या. आत माणूस उभा राहतो. अमेरिकेच्या जुन्या व्हॅन पेट्रोल नुसतं ढोसायच्या, आणि या आल्यावर सगळे थक्क झालेत. ऋषिराजच्या कंपनीने घेतली. चोवीस देते."

सुभेदारांचं पेन हवेत थांबलं. "आत माणूस उभा राहतो आणि चोवीस देते?"

"चोवीस."

"डिझेलवर?"

"डिझेलवर. मीही तसलीच घेतोय."

हे शेवटचं वाक्य कुणी बोललं हे बघायला मी वळलो. मागे भिंत होती.

सुभेदारांनी वहीत 'चोवीस' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी तुमच्याकडे येतो. आष्टा ते कोयनानगर आणि परत. टाकी फुल ते टाकी फुल. चोवीस आलं तर सुपारी. नाही आलं तर आपली ओळख झाली, आनंद झाला."

एसटीत आई कऱ्हाडपर्यंत तिकिटांच्या घड्या घालत राहिली. कऱ्हाडला म्हणाली, "पोरगी लय गुणाची हाय. आता व्हॅन आण." माझ्या आईचं नाव चंद्राबाई, आणि ती एकदा बोलली की तो विषय संपतो.

आता युरोपची व्हॅन सांगली जिल्ह्यात आणायची कुठून? अमेरिकेत त्या बोटीने येतात. आपल्याकडे द्राक्षं बोटीने जातात, येत काही नाही. पण सांगलीत नाही अशी गोष्ट नाही. आमचे शेजारी कृष्णात, ज्यांचा उसाचा ट्रॅक्टर आहे आणि ज्यांचं मत प्रत्येक गोष्टीवर आहे, ते म्हणाले, "आवं मास्तर, वर्धमानशेटकडं हाय की तसली एक. बेदाण्याच्या गोडाउनात हुबी. पांढरी फेक. मला वाटलं फ्रीजच हाय."

वर्धमानशेट सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचे व्यापारी. कुठल्याशा परदेशी कंपनीने दाखवायला म्हणून चार व्हॅन या देशात आणल्या होत्या, कुणी बघायला आलं नाही, म्हणून लिलाव झाला, आणि त्यातली एक शेटजींच्या नशिबी आली होती. मी विचारताच ते इतक्या चटकन हो म्हणाले की मला शंका यायला हवी होती. मला फक्त आनंद झाला.

"बघा, मी खोटं बोलत नाही," शेटजी हात जोडून म्हणाले. "गाडीला दोष नाही. सवय वाईट आहे. सारखं काहीतरी मागते."

"काय मागते?"

"तेच कळलं नाही. पाणी दिलं, नको म्हणाली. ऑइल दिलं, नको म्हणाली. चंदनबालानं ओवाळलंसुद्धा." चंदनबाला म्हणजे त्यांची पत्नी. "शेवटी मी म्हटलं, हे मागणं पूर्ण करणं आपल्या हातात नाही. अपरिग्रह बरा."

पैशांबद्दल मी काही सांगत नाही. आमच्यात बोलण्याएवढे ते उरलेले नाहीत.

व्हॅन गावात आली तेव्हा निम्मं गाव बघायला आलं आणि उरलेलं निम्मं, आत उभं राहता येतं का हे बघायला, आत गेलं. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं दारं सरकती आहेत, म्हणजे वारा लागत असणार. कुणी म्हणालं ही पोस्टमार्टेमची गाडी आहे. कृष्णातांनी लिंबू-मिरची बांधली, पण पुढे ती बांधायला जागाच नव्हती, युरोपात बहुतेक दृष्ट लागत नसावी, म्हणून वायपरला बांधली. पहिल्यांदा वायपर फिरला तेव्हा लिंबाने काचेवर एक स्वच्छ कमान काढली.

तिसऱ्या दिवशी गाडीने मागणं सुरू केलं. समोरच्या पडद्यावर निळं चिन्ह आलं, खाली एक लांबलचक वाक्य. भाषा आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. मी मोबाइलचा कॅमेरा धरला, त्याने मराठी केलं: 'द्रव पुन्हा प्रदान करा अन्यथा प्रवास नम्रपणे नाकारला जाईल.'

"नम्रपणे म्हणते म्हणजे चांगल्या घरची हाय," आई म्हणाली.

मी सकाळी कॉलेजला निघण्याआधी ऋषिराजला फोन लावला. तिकडे त्याची संध्याकाळ होती आणि तो काहीतरी तळत होता. त्याने तेलाच्या चर्र आवाजात मला समजावलं. या नव्या डिझेल गाड्यांचा धूर स्वच्छ राहावा म्हणून एक वेगळी टाकी असते. तिच्यात युरिया लागतो. युरिया संपला की गाडी आधी कुरकुरते, मग हळू चालते, मग बंद. कायद्यानेच तसं केलेलं.

"युरिया?" मी म्हणालो.

"युरिया. पाण्यात विरघळवलेला. इथं कुठल्याही पंपावर मिळतो. अरे, थांब, भजी जळतायत..." आणि फोन कटला.

माझ्या मागे कृष्णात उभे होते. ते नेहमीच असतात. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"एवढंच व्हय? शेटजी खुळं झालं युरियापायी? आवं, हितं उसाला जातो की आपण. हिला एकरी हिशोबानं दिवू."

इथे मला वाचकांना विचारायचं आहे. तुम्ही वाळवा तालुक्यात जन्मला असता, तुमच्या घरात युरियाच्या पोत्याची पिशवी, युरियाच्या पोत्याचं पायपुसणं आणि युरियाच्या पोत्याचाच दप्तरासाठी पावसाळी झगा शिवलेला असता, आणि अमेरिकेतून तुम्हाला सांगितलं असतं की गाडीला युरिया पाहिजे, तर तुम्ही पेट्रोल पंपावर गेला असता का? मीही गेलो नाही. मी कृषी सेवा केंद्रात गेलो.

दुकानदार लालासाहेब. काउंटरवर अंगठ्याचं मशीन. मी अंगठा ठेवला, मशीनने मला ओळखलं.

"कुठल्या पिकाला?" लालासाहेबांनी विचारलं.

"व्हॅनला."

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. ते खरंच शोधत होते. "वांगी हाय. वाटाणा हाय. व्हॅन न्हाई."

"पीक नाही हो, गाडी."

"गाडीला युरिया घालत्यात हे मला ठावं न्हाई आन वरच्या साहेबास्नी सांगायचं धाडस न्हाई. टंचाई हाय. तुमच्या सातबाऱ्यावर पीक काय दिसतंय?"

माझ्या नावावर वीस गुंठे आहेत, गट नंबर चारशे एकोणीस. तिथे पीक नसतं. मी प्रयोगशाळेत असतो आणि जमीन घरी असते, आमची भेट होत नाही. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं 'पड' लिहिलेलं.

"पडीला युरिया बसत न्हाई," लालासाहेब म्हणाले. "पीक लावून या. मोबाइलवर ई-पीक पाहणी केली तरी चालंल."

कृष्णात म्हणाले, "त्यात काय, मी करतो." गावात निम्म्या लोकांची ई-पीक पाहणी तेच करतात. त्या ॲपचा नियम असा, की शेतात उभं राहूनच पिकाचा फोटो काढायचा, घरी बसून चालत नाही. मग आम्ही व्हॅन घेऊन शेतात गेलो. का घेऊन गेलो, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. कारण साधं होतं. ऊन होतं, आणि वीस गुंठ्यांत सावली देणारी दुसरी वस्तू नव्हती.

मी व्हॅनच्या आत बसलो. कॉलेजमधून फोन आला होता. एक लंबक हरवला होता. बाहेर कृष्णात मोबाइल धरून मोठ्याने वाचत होते.

"क्षेत्र? वीस गुंठं. हंगाम? ही तर बारमाही. सिंचनाचं साधन... काय लिवू, मास्तर? हिला काय लागतं?"

"डिझेल," मी म्हणालो. मला वाटलं ते गाडीचं इंधन विचारतायत.

"डिझेल. लागवडीची तारीख? परवा आणली. बरं. फोटो काढतो, हलू नगा."

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर संदेश आला, आपली नोंद स्वीकारली गेली आहे. मी तो उघडला. पिकाचं नाव: इतर. तपशील: व्हॅन (युरोपियन). फोटोत गट नंबर चारशे एकोणीसमध्ये व्हॅन डौलात उभी, आत मी कानाला फोन लावून.

मी कृष्णातांकडे धावलो. ते शांतपणे गूळ-शेंगदाणे खात होते. "मग काय लिवायचं? हरभरा? शेतात हरभरा हाय का? मास्तर, सरकारी काम हाय. जे दिसतंय ते लिवायचं. खोट्याला आपण न्हाई."

या उत्तरात चूक कुठे आहे हे मला कळत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. लालासाहेबांना मात्र काहीच अडचण आली नाही. सातबाऱ्यावर नोंद दिसली, अंगठा जुळला, दोन पोती मिळाली. सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची एक हिरवी बाटली घ्यावी लागली, कारण पोत्याबरोबर ती घेतल्याशिवाय पोतं सुटत नाही.

पुढचा प्रसंग मी थोडक्यात सांगतो, कारण तो आठवला की मला अजून कडुनिंबाचा वास येतो. कृष्णातांनी घमेल्यात युरिया कालवला. आईच्या जुन्या साडीतून गाळला. निळ्या झाकणाच्या टाकीत ओतला. मग हिरवी बाटली उचलली.

"ते कशाला?" मी म्हणालो.

"बरोबर दिलीया म्हणजे लागत आसंल की. फुटवा चांगला येतो."

टाकी भरली, झाकण लावलं, आणि त्याच क्षणी संयोगिताचा फोन आला. बघा, मुलीकडचे हल्ली सोयरिकीआधी मुलाचा सातबारा ऑनलाइन काढून बघतात, तशी पद्धतच आहे. तिने बघितला होता.

"तुमच्या शेतात व्हॅन आलीय," ती म्हणाली.

"हो."

"बारमाही."

"हो."

 मग मी सगळं सांगितलं. युरियापाशी आलो तेव्हा ती एकदम केमिस्ट झाली. "पोत्यातला घातलात? अहो, त्याला कडुनिंबाच्या तेलाचं अस्तर असतं. पिकात हळूहळू सुटावा म्हणून. गाडीतला युरिया वेगळा, एकदम शुद्ध. तो पंपावर कॅनमध्ये मिळतो. टाकी उपसा आणि धुवा."

"बरं," मी म्हणालो. निळ्या झाकणाखाली गुळगुळ आवाज येत होता.

"आणि एक विचारू? चोवीस काय?"

"चोवीस म्हणजे... चोवीस."

"किलोमीटर लिटरला, की मैल गॅलनला? अमेरिकेत मैल आणि गॅलन असतं ना?"

मी प्रयोगशाळेत उभा आहे असं वाटलं. दोनशे मुलं माझ्याकडे बघत होती आणि प्रत्येकाच्या हातात लाल पेन होतं. मी फोन ठेवून ऋषिराजला संदेश पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'ऑफ कोर्स मैल, गॅलन. का रे?' मी कागदावर गुणिले-भागिले केलं. दहा पूर्णांक दोन. एवढंच. दहा पूर्णांक दोन किलोमीटर, लिटरला. आमच्या गावातल्या वडापची जीप चौदा माणसं घेऊन यापेक्षा जास्त देते.

सुभेदारांना फोन करून सांगायला हवं होतं. मी तीनदा नंबर लावला आणि तीनदा रिंग जायच्या आत कापला. रविवार तीन दिवसांवर होता. त्या तीन दिवसांत मी टाकी उपसली, सात वेळा धुतली, पंपावरून शुद्ध युरियाचा कॅन आणून भरला. गाडीने ते मनावर घेतलं नाही. पडद्यावर आता दोन वाक्यं आली होती. मोबाइलने मराठी केलं: 'अज्ञात पदार्थ आढळला. कार्यशाळेस लज्जेशिवाय भेट द्या.' जवळची कार्यशाळा कुठे, असं कंपनीला ईमेलने विचारलं. उत्तर आलं, आपल्याला सर्वात जवळचं केंद्र श्टुटगार्टच्या बाहेर, रविवारी बंद.

रविवारी सुभेदार पहिल्या एसटीने आले. बरोबर संयोगिता. साक्षीदार म्हणून, असं सुभेदार म्हणाले. तिने व्हॅनकडे बघितलं, व्हॅनखालच्या घमेल्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

पंपावर सुभेदारांनी स्वतः नळी धरली. टाकीच्या तोंडाशी डिझेल दिसेपर्यंत भरलं, गाडी हलवून पुन्हा भरलं. मीटरचा आकडा वहीत टिपला. "चलो."

गाडी सुरू झाली. मी देवाचे आभार मानले आणि पहिला गिअर टाकला. वीसच्या वेगाला गाडीने ठरवलं की बस. पाय कितीही दाबा, वीस. मागून ऊसगाड्यांच्या रांगा येत होत्या. आधी ट्रॅक्टर पुढे गेले. मग मोटरसायकली. मग एक बैलगाडी, कारखान्यावर ऊस ओतून रिकामी घराकडे पळणारी, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या. गाडीवानाने शेजारून जाताना खिडकीत वाकून विचारलं, "पावनं, बंद पडलीया का?"

"चालू आहे," मी म्हणालो.

"व्हय?" तो म्हणाला आणि पुढे गेला.

सुभेदार प्रसन्न होते. "शाब्बास. स्पीड कंट्रोल में. इंधन असंच वाचतं." मला त्यांच्याकडे बघवेना. आरशात बघितलं तर मागे कृष्णात ट्रॅक्टर घेऊन येत होते. मी त्यांना येऊ नका असं चारदा सांगितलं होतं. नंतर कळलं, ते म्हणाले होते, उगं आपलं, काय लागलं तर.

पेठ नाक्यावर सुभेदारांना चहा हवा झाला. मी गाडी बंद केली. हीच चूक. चहा पिऊन आलो तर पडद्यावर एकच शब्द होता. मोबाइलने तो 'नाही' असा दिला.

कृष्णातांनी ट्रॅक्टरची साखळी काढली.

"ॲव्हरेज?" मी सुभेदारांना विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"चाचणी टाकी फुल ते टाकी फुल असते," ते म्हणाले. "मधे काय झालं, कुठून परतलो, ते नियमात नाही. चावी चालू ठेवा, मीटर फिरू दे." आणि ते पुन्हा आत जाऊन ताठ बसले. आष्ट्यापर्यंत आम्ही तिघे, पुढे ट्रॅक्टर, त्याच्या कॅसेटवर लावणी, आणि रस्त्याकडेचं प्रत्येक माणूस थांबून बघणारं. मिरवणूक होती, फक्त कशाची ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्याच पंपावर पुन्हा टाकी भरली. सुभेदारांनी वहीत भागाकार मांडला. मी लांबून बघत होतो. अंतर चव्वेचाळीस किलोमीटर. डिझेल एक पूर्णांक चौऱ्याऐंशी लिटर. त्यांनी भागाकार केला, खोडला, पुन्हा केला. चष्मा काढला.

"तेवीस पूर्णांक एक्क्याण्णव," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे चोवीसच."

निम्मं अंतर ट्रॅक्टरने ओढलेलं, म्हणून. मला वाटलं आता ते हसतील किंवा ओरडतील. पण त्यांचा चेहरा माझ्यापेक्षाही गोंधळलेला होता. सत्तावीस वर्षं त्यांच्या आकड्याने त्यांना कधी फसवलं नव्हतं, आणि आज आकडा बरोबर होता, डोळ्यांनी मात्र साखळी बघितली होती. वही हातात धरून ते माझ्याकडे आले.

"आकडा जुळतोय. नियम पाळलाय. मी सही करू शकतो. पण तुम्ही सांगा. ही गाडी चोवीस देते का?"

कृष्णात मागून मला खुणा करत होते, व्हय म्हना, व्हय म्हना. आई कधी पंपावर आली होती कुणास ठाऊक, तिने पदर तोंडाशी धरला होता. संयोगिता हवेच्या मशीनजवळ उभी होती. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "दहा पूर्णांक दोन. तेही टाकीत शेतातला युरिया नसेल तर. ते मैल होते आणि गॅलन. मी एकक विचारलंच नाही. गुरुवारी कळलं होतं, मी सांगितलं नाही."

सुभेदारांनी वही मिटली. "आपली ओळख झाली," ते म्हणाले. "आनंद..."

"बाबा," संयोगिता म्हणाली, "चाचणी कशाची होती?"

"गाडीची. आणखी कशाची?"

तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "कागदावर ही गाडी नाहीच आहे. बघा. गट नंबर चारशे एकोणीस. व्हॅन, युरोपियन. बारमाही पीक. वीस गुंठे. डिझेलवर सिंचन. सरकारी शिक्का आहे खाली."

सुभेदारांनी ते वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं.  पंपावरचा माणूस नळी हातात धरून तसाच थांबला होता.

"सरकारी कागद आहे," ते शेवटी म्हणाले.

"आहे," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणता, सरकारी कागदापुढे आपण बोलायचं नाही."

"पिकाला ॲव्हरेज नसतं."

"नसतं."

"म्हणजे चाचणी झालीच नाही."

"कशी होणार? पिकाची?"

सुभेदारांनी वही उघडली, तो अख्खा पानभर हिशोब एका तिरक्या रेघेने कापला, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की तिचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. "खरं बोललात तेवढं बरं केलंत," ते म्हणाले. "पण पास मी तुम्हाला त्यासाठी करत नाही. नियमाने करतोय." मग कापलेल्या हिशोबाखाली त्यांनी एक ओळ लिहून सही केली: 'सदर वाहन पीक असेपर्यंत चाचणी लागू नाही.' आणि आईला म्हणाले, "सुपारी आणा, चंद्राबाई."

मी संयोगिताला विचारलं, तुम्ही असं का केलंत. ती म्हणाली, "तुमच्याआधी एकोणीस मुलं आली. सगळ्यांनी ॲव्हरेज वाढवून सांगितलं. कमी करून सांगणारे तुम्ही पहिले. आणि आता जरा लांब उभे राहा, तुम्हाला कडुनिंबाचा वास येतोय."

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण गावात अंकिता मॅडम आहेत. त्या आमच्या तलाठी. परवा त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, तपासणीत तुमची नोंद संशयास्पद निघाली. मी येत्या आठवड्यात शेतात येऊन नोंदीतून व्हॅन काढणार आणि पुन्हा 'पड' लावणार. मी म्हणालो, मॅडम, व्हॅन काढलीत तर ती पुन्हा गाडी होईल, गाडी झाली की चाचणी लागू होईल, आणि चाचणी लागू झाली की माझं लग्न मोडेल. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लेखी द्या.

म्हणून लेखी देत आहे.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, यांच्या सेवेशी

विषय: गट नंबर ४१९ मधील बारमाही पीक (व्हॅन, युरोपियन) लग्नाच्या तारखेपर्यंत उभे ठेवणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, मी खालील सही करणार, सदर पिकाचा मालक आहे. सदर पीक ट्रॅक्टरने ओढून आणून शेतात उभे केले असून त्यास चाके आहेत, ही बाब मी लपवू इच्छित नाही. तथापि नोंद कमी केल्यास अर्जदाराचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल. तरी सदर पीक येत्या वैशाखातील अक्षता पडेपर्यंत जसे आहे तसे सातबाऱ्यावर कायम ठेवण्यात यावे. अक्षता पडल्यानंतर पिकाची काढणी झाली असे समजून नोंद कमी करण्यास अर्जदाराची हरकत राहणार नाही. तोपर्यंत अवकाळी पावसाने पिकाचे नुकसान झाल्यास पंचनामा करण्यात यावा. तसेच सदर पीक जागेवरून हलत नसल्याने ते वऱ्हाडाच्या दिवशी फलटणपर्यंत नेण्यास शासनाच्या खर्चाने एक ट्रॅक्टर मंजूर व्हावा, व सदर ट्रॅक्टर कृष्णात यांचा नसावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
साईराज
(पीक धारक)